साहित्य अकादमी आणि मराठी कादंबरी: निवड कशी होते, वर्षांचा हिशेब काय, आणि 'रिंगाण' कसं वाचावं

टाचणी

अकादमीची यादी जाहीर झाली की ठरलेल्या तीन तक्रारी येतात. "ही कादंबरी तर केव्हाच आली होती, आत्ता कशी आठवली?" "नेमाड्यांच्या 'कोसला'ला का नाही दिला?" आणि यादीत समीक्षा किंवा कविता दिसली की, "कादंबऱ्या संपल्या का मराठीतल्या?" तिन्हींची उत्तरं नियमांत आहेत. ती एकदा नीट मांडावीत म्हणून हा धागा. शिवाय २०२३ च्या 'रिंगाण'बद्दल (कृष्णात खोत) इथे तुकड्या-तुकड्यांनी बरंच बोलून झालंय, तेही एका जागी येईल.

आधी एक गैरसमज. हा कादंबरीचा पुरस्कार नाही. २४ भाषा (आठव्या अनुसूचीतल्या २२, अधिक इंग्रजी आणि राजस्थानी) आणि प्रत्येक भाषेत वर्षाला एकच पुस्तक. वाङ्मयप्रकार कुठलाही चालतो. म्हणजे कादंबरीची गाठ इतर कादंबऱ्यांशी तर असतेच, शिवाय त्याच मुदतीतल्या कवितासंग्रहाशी, चरित्राशी आणि भाषाविज्ञानाच्या ग्रंथाशीही असते. पहिला मराठी पुरस्कार (१९५५) तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला मिळाला, दुसरा मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'ला. कादंबरीचा नंबर लागला तो १९६० साली, 'ययाति'ला.

तेव्हापासून २०२४ पर्यंत निखळ कादंबऱ्या या:

ययाति (१९६०), रथचक्र (१९६३), स्वामी (१९६४), सत्तांतर (१९८३), झाडाझडती (१९९२), राघववेळ (१९९५), ताम्रपट (१९९९), तणकट (२००१), डांगोरा एका नगरीचा (२००३), बारोमास (२००४), भूमी (२००६), उत्सुकतेने मी झोपलो (२००८), उद्या (२०२०), उजव्या सोंडेच्या बाहुल्या (२०२२), रिंगाण (२०२३).

मोजल्या तर पंधरा. 'स्मरणगाथा' (१९७६) आणि 'झोंबी' (१९९०) यांना काही जण आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात, काही जण आत्मचरित्रच म्हणतात. मी बाहेर ठेवलीत.

---

कोरडवाहू

यादीबद्दल आभार. आता साल लावून पाहा, गंमत दिसेल. १९६४ च्या 'स्वामी'नंतर थेट १९८३ चं 'सत्तांतर'. मधली अठरा वर्षं कादंबरीला शून्य ('स्मरणगाथा' बाजूला ठेवली तर). मग १९९९ ते २००८ या दहा वर्षांत सहा. लगेच २००९ ते २०१९, सलग अकरा वर्षं पुन्हा शून्य. आणि २०२० ते २०२३ या चारांत तीन.

मधल्या दुष्काळात कथात्म वाङ्मय अजिबात नव्हतं असं नाही. २०१२ ला जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', २०१६ ला आसाराम लोमटेंचा 'आलोक' हे कथासंग्रहच. पण कादंबरी नाही. त्या अकरा वर्षांत मराठीत चांगली कादंबरी आली नाही असं कोणी म्हणणार नाही. एकच जागा असली आणि चार प्रकार रांगेत असले की असंच होणार. तीन परीक्षकांपैकी एकाची पहिली पसंती कादंबरी, दुसऱ्याची कविता, तिसऱ्याची समीक्षा असली तर सगळ्यांना चालेल असं चौथंच पुस्तक वर येऊ शकतं. ते वाईट असतं असं नाही, फक्त तिघांपैकी एकाचंही पहिलं नसतं.

---

बोरूबहाद्दर

प्रक्रिया मांडतो, कारण "दिल्लीत बसून ठरवतात" हे वाक्य प्रत्येक धाग्यावर येतं.

सुरुवात एका पायाभूत यादीपासून होते. त्या भाषेतला जाणकार मुदतीत बसणाऱ्या पुस्तकांची यादी करतो. ती त्या भाषेच्या सल्लागार मंडळाकडे जाते. मंडळात दहा सदस्य, त्यांतला एक निमंत्रक, मुदत पाच वर्षांची. सदस्य त्यात आपली नावं सुचवतात. पुढची पायरी प्राथमिक शिफारस करणाऱ्या दहा जणांची. तेही त्याच भाषेतले. त्यांच्या शिफारशींतून जी पुस्तकं उरतात ती तीन परीक्षकांकडे जातात. तिघं एकमताने किंवा बहुमताने एक पुस्तक ठरवतात. यंदा कुठलंच लायक नाही असंही म्हणू शकतात: १९५७ साली मराठीला पुरस्कार नाही. शेवटी कार्यकारी मंडळ मान्यता देतं आणि घोषणा होते. घोषणेच्या पत्रकात प्रत्येक भाषेच्या तिन्ही परीक्षकांची नावं छापलेली असतात, कोणी ठरवलं हे गुपित राहत नाही.

थोडक्यात दिल्लीचा वाटा शिक्क्याचा. चाळणी मराठीच माणसांची. रागवायचंच असेल तर योग्य पत्त्यावर रागवा.

गळती कुठे होते? माझ्या मते पहिल्याच पायरीवर. परीक्षकांपर्यंत न पोचलेल्या पुस्तकाचा विचार तिथे होऊच शकत नाही. छोट्या गावातल्या छोट्या प्रकाशकाने काढलेली, वितरण नसलेली, परीक्षण न आलेली कादंबरी दहा-वीस वाचत्या माणसांच्या नजरेला पडलीच नाही, तर ती कोणी 'नाकारलेली' नसते, ती दिसलेलीच नसते. म्हणून पुस्तक आल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्याच्यावर लिहिलं जाणं महत्त्वाचं. नियतकालिकांतली परीक्षणं म्हणजे नुसती कौतुकाची देवाणघेवाण नव्हे, पुस्तक यादीत चढायची ती वाट आहे.

---

अनुस्वार

बोरूबहाद्दरांच्या प्रतिसादाला जोड: काय बाद होतं तेही सांगायला हवं. अनुवाद बाद (त्यासाठी १९८९ पासून वेगळा अनुवाद पुरस्कार आहे). संक्षिप्त आवृत्ती, दुसऱ्यांच्या लेखनाचं संकलन, विद्यापीठाच्या पदवीसाठी लिहिलेला प्रबंध, हेही बाद. जुन्या पुस्तकाची नवी, सुधारलेली आवृत्ती काढून पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही, पहिल्या प्रकाशनाचं वर्षच धरतात. आणि ज्याला हा पुरस्कार एकदा मिळाला त्याचं नाव कायमचं बाहेर.

या शेवटच्या नियमाने मराठी कादंबरीचं बरंच काही ठरवलंय. नेमाड्यांना १९९१ साली 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी मिळाला. त्यामुळे २०१० साली आलेली 'हिंदू' या पुरस्कारासाठी विचारातच घेता येत नव्हती. रंगनाथ पठाऱ्यांना 'ताम्रपट'साठी मिळून गेल्यामुळे त्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' बाहेर. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, अकादमीच्याच आधीची, त्यांना मिळाला तो आत्मचरित्राला ('एक झाड आणि दोन पक्षी', १९८५). खानोलकरांनी इतक्या कादंबऱ्या लिहिल्या, मिळाला कवितेला, तोही मरणोत्तर ('नक्षत्रांचे देणे', १९७८).

म्हणून 'अकादमीप्राप्त कादंबरीकार' आणि 'अकादमीप्राप्त कादंबरी' या दोन वेगळ्या याद्या आहेत. सर्रास एकच समजतात.

---

तिरकी मात्रा

मग 'कोसला'चं उत्तर काय? तिथे तर नेमाड्यांचा पहिलाच पुरस्कार असता.

---

टाचणी

'कोसला' १९६३ ची. तेव्हा पुस्तक पात्र राहण्याची मुदत आजच्याहून कमी होती. त्या पट्ट्यात कोणाला मिळाले पाहा: १९६४ 'स्वामी', १९६५ 'व्यक्ती आणि वल्ली', १९६६ शेजवलकरांचं 'श्रीशिवछत्रपती'. पट्टा ओलांडला की संपलं. पुढे 'कोसला'ने मराठी कादंबरी बदलली असं सगळ्यांचं एकमत झालं, पण एकमत व्हायला लागलेला वेळ मुदतीपेक्षा मोठा होता. नव्या वळणाच्या पुस्तकाला हा नियम नेहमीच जाचक. रुळलेल्या वाटेचं पुस्तक दोन वर्षांत कळतं, वेगळं पुस्तक कळायला दहा लागतात.

आता आजचा हिशेब. पुरस्काराच्या वर्षाआधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्यामागची पाच घ्यायची. २०२३ च्या पुरस्काराला १ जानेवारी २०१७ ते ३१ डिसेंबर २०२१ मधली पुस्तकं. २०२४ ला २०१८ ते २०२२. उलट बाजूने मोजायचं तर प्रकाशनवर्षात २ मिळवले की पहिली संधी, ६ मिळवले की शेवटची. एकूण पाच संधी.

नंदा खऱ्यांची 'उद्या' हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. पुस्तक २०१४ चं. १४ अधिक ६, २०२०. म्हणजे अगदी शेवटच्या संधीला निवडली गेली. २०२० चे पुरस्कार जाहीर झाले १२ मार्च २०२१ ला, आणि खऱ्यांनी तो नाकारला. पुरस्कार घ्यायचे नाहीत असं त्यांनी काही वर्षं आधीच ठरवलेलं होतं, त्याचा 'उद्या'शी किंवा अकादमीशी वेगळा संबंध नव्हता. तरीही २०२० च्या रकान्यात 'उद्या'च येते, निवड झाली ती झाली. "केव्हाची कादंबरी आत्ता कशी" म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

---

अनुस्वार

तारखेवरून आठवलं. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला १९७३ चा पुरस्कार जाहीर झाला, मग पुस्तक नेमकं कधी प्रकाशित झालं यावरून वाद निघाला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. तेव्हा प्रकाशकहो, श्रेयपानावरची (प्रकाशनाचे तपशील छापतात ते पान) 'प्रथमावृत्ती' ही ओळ म्हणजे शोभेची ओळ नाही. डिसेंबरात छापून जानेवारीत प्रकाशन समारंभ करायचा आणि पानावर भलतंच साल टाकायचं, ही सवय महागात पडू शकते. दोन महिन्यांच्या फरकाने सबंध पट्टा एक वर्ष सरकतो. वाचकांनीही पुस्तकाचं साल शोधताना दुकानाच्या संकेतस्थळावरचं साल धरू नये, ते बहुतेकदा हातातल्या आवृत्तीचं असतं. श्रेयपानावर सगळ्यात वरची तारीख पाहावी. 'पुनर्मुद्रण' आणि 'दुसरी आवृत्ती' यांत फरक असतो: पहिल्यात मजकूर तोच, दुसऱ्यात बदल असायला हवा. हवा म्हणतो, कारण आपल्याकडे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात.

---

माजघर

आता 'रिंगाण'. कथावस्तू उघड न करता जेवढं सांगता येईल तेवढं.

धरणासाठी गाव उठलं. माणसं खाली सपाटीवर नव्या वसाहतीत आली. जनावरं सगळी आणता आली नाहीत, काही म्हशी मागेच, जुन्या गावाच्या रानात राहिल्या. मधल्या काळात त्या माणसाळलेल्या उरल्या नाहीत, रानटी झाल्या. आणि आता त्यांतलं जनावर परत आणायला माणसं त्या उजाड गावाकडे निघतात. बस, एवढंच. पुढचं सगळं त्या पाठलागात आहे. कोण कोणाला वेढतंय, माणूस म्हशीला की म्हैस माणसाला, हे उलटसुलट होत राहतं. 'रिंगाण' या शब्दाने वारीतला घोडा आठवतो, पण इथलं वर्तुळ भक्तीचं नाही.

खोत पन्हाळ्याच्या बाजूचे. 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' या आधीच्या. नावं पाहूनच कळतं की माती, पाऊस आणि गाव हाच त्यांचा ऐवज. 'रिंगाण' त्यांतली सगळ्यात आवळलेली. पात्रं कमी, जागा एक, काळ थोडा.

ही 'झाडाझडती'शेजारी ठेवून वाचावी असं माझं मत. दोन्ही अकादमीच्या, दोन्ही धरणग्रस्तांच्या, मधे एकतीस वर्षं. 'झाडाझडती'त जांभळी गाव आहे, मोर्चे आहेत, कचेऱ्या आहेत, कागद आहेत, शेकडो माणसं आहेत. विश्वास पाटील स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे फाईल कुठे अडते आणि कोण अडवतं हे त्यांना आतून ठाऊक. सगळा संघर्ष सरकारशी. 'रिंगाण'मध्ये सरकार जवळपास दिसतच नाही. ते येऊन, उठवून, निघून गेलंय. उरलीत ती उठवलेली माणसं आणि त्यांनीच मागे टाकलेलं जनावर. पहिल्या कादंबरीत माणूस विस्थापित आहे, दुसरीत तो विस्थापित आहे आणि त्याने कोणाला तरी विस्थापित केलंही आहे. माझ्या मते हे पुढचं पाऊल आहे, आणि म्हणून 'पुन्हा धरणग्रस्तच का' हा आक्षेप टिकत नाही.

---

कोरडवाहू

माजघर, तुलना आवडली. एक भर. या दोन्ही कादंबऱ्या शहरात बसून वाचताना काही शब्द अर्धवट कळतात आणि मग प्रसंगाचा दाब जाणवत नाही. विशेषतः 'झाडाझडती'त. तेवढे शब्द देतो.

बुडीत क्षेत्र: धरणाच्या पाण्याखाली जाणारी जमीन. लाभक्षेत्र: त्याच धरणाच्या कालव्यांनी भिजणारी. बुडणारा आणि भिजणारा हे दोन वेगळे शेतकरी. पुनर्वसनात बुडीतवाल्याला लाभक्षेत्रात जमीन द्यायची, म्हणजे भिजणाऱ्याची थोडी काढून घ्यायची. विस्थापिताला नव्या गावात वैरी का मिळतात याचं उत्तर इथेच आहे. लेखकाला खलनायक शोधावा लागत नाही, व्यवस्थाच शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं करते.

निवाडा: १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ४ ची अधिसूचना निघायची आणि पुढे कलम ११ खाली मोबदल्याचा निवाडा. या दोन्हींमधे वर्षं जायची. भाव मात्र कलम ४ च्या तारखेचा. (हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून गेला, नवा आला.)

६५ टक्के: हे कळल्याशिवाय धरणग्रस्ताचा राग कळत नाही. बदली जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातले ६५ टक्के सरकारकडे भरायचे. ज्याने पैसे हातात आल्यावर लग्नात, कर्जात, आजारपणात खर्च केले, किंवा ज्याला हे कोणी वेळेवर सांगितलंच नाही, तो जमिनीला अपात्र. गाव बुडालं, पैसा संपला, जमीन नाही.

१८ नागरी सुविधा: नव्या गावठाणात द्यायच्या गोष्टींची सरकारी यादी. रस्ते, पिण्याचं पाणी, शाळा, स्मशानभूमी वगैरे. कागदावर 'पूर्ण' आणि प्रत्यक्षात विहिरीला पाणी नाही, हा विनोद इतका जुना की धरणग्रस्तांच्या मोर्चात नुसता 'अठरा' म्हटलं तरी पुरतं.

पण या सगळ्यात गुरांच्या रानाकडे लक्ष किती गेलं, ते पाहा. घराला भूखंड, जमिनीला जमीन, देवळाला जागा. चरायला? जनावरांचा प्रश्न असा मागे पडल्यामुळेच 'रिंगाण'ची गोष्ट घडते. कादंबरीत हे कोणी भाषण करून सांगत नाही, पण ती तिथूनच उगवलेली आहे.

---

तिरकी मात्रा

हे ६५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. 'झाडाझडती' परत काढावी लागणार.

बाकी 'रिंगाण' विसाव्या पानावर सोडून देणारे बरेच दिसतात, कारण बोली. त्याचा उपाय काय?

---

माजघर

मोठ्याने वाचा. गंमत नाही करत. पन्हाळा-कोल्हापूरची बोली डोळ्यांना अवघड, कानाला सोपी. बहुतेक अडचण शब्दांची नसते, क्रियापदांची असते. तीन-चार चाली एकदा ओळखल्या की वाट मोकळी. 'आल्ता, गेल्ता' म्हणजे 'आला होता, गेला होता'. 'करायलाय, जायलाय' म्हणजे आत्ता करतोय, जातोय. प्रमाण मराठीच्या सवयीने इथे 'करायला' वाचून पुढचं काही शोधत बसलात की वाक्य तुटतं. 'हाय, न्हाई, कुटं' तर कळतातच. रान, वैरण, गोठा यांचे शब्द संदर्भाने उलगडतात. प्रत्येक शब्दाला कोश उघडला तर पाठलागाचा वेग मरतो आणि या कादंबरीत वेग हाच अर्थ आहे.

दुसरी चूक म्हणजे रोज पाच पानं वाचणं. ही कादंबरी श्वासाची आहे. दोन-तीन बैठकींत संपवावी. 'ताम्रपट' किंवा 'झाडाझडती' रोज थोडी-थोडी चालते, कारण तिथे प्रकरणं, पात्रं, तारखा यांचा आधार असतो. इथे एका दिवसाचा खंड पडला की सूर शोधण्यात दहा पानं जातात.

तिसरं, म्हशीला प्रतीक समजून वाचायला सुरुवात करू नका. आधी ती म्हैस असू द्या: शिंगं, वास, नाकपुड्या, माणसाची चाहूल लागल्यावर वळलेली मान. प्रतीक काय व्हायचं ते शेवटी आपोआप होतं. वाचक मंडळांत पहिल्याच पानापासून 'म्हैस म्हणजे व्यवस्था का?' सुरू होतं आणि पुस्तक तिथेच मरतं.

---

बोरूबहाद्दर

तिसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन.

आता मिळवायचं कसं, यावर दोन शब्द, कारण डिसेंबर-जानेवारीत "पुस्तक कुठेच नाही" हा प्रश्न येतो. आपल्याकडे साहित्यिक कादंबरीची आवृत्ती लहान. पूर्वी हजार-अकराशे प्रती हा रिवाज, आता त्याहून कमी छापून लागेल तशा काढतात. पुरस्काराच्या वेळी पुस्तक किमान दोन वर्षं जुनं असतं (टाचणींचं गणित), म्हणजे पहिली छपाई बहुधा संपत आलेली. घोषणा झाली की एकाच आठवड्यात सगळीकडून मागणी. प्रकाशकाकडे मुखपृष्ठाच्या आणि मजकुराच्या फाईल्स जागेवर असतील तर पुनर्मुद्रण चटकन होतं. जुन्या टंकात जुळवलेला मजकूर आता उघडत नसेल तर पुन्हा जुळणी, पुन्हा मुद्रितशोधन, आणि महिने जातात. घाईत झालेल्या पुनर्मुद्रणात बोलीभाषेची वाट लागते: तपासणारा नवा असला की 'न्हाई'चं 'नाही' करून टाकतो. म्हणून बोलीतली कादंबरी शक्यतो पहिल्या छपाईची मिळाली तर घ्यावी.

दुकानात नसेल तर जिल्हा ग्रंथालय किंवा तालुक्याचं 'अ' वर्ग वाचनालय बघा. घोषणेआधीच खरेदी झालेली प्रत तिथे बऱ्याचदा पडून असते. नुसतं नाव सांगून चालत नाही, लेखक सांगा. कारण ऐका: अकादमीच्या मराठी यादीत 'युगान्त' दोनदा आहे. १९६८ ला इरावती कर्व्यांचं, महाभारतावरचं. २००२ ला एलकुंचवारांचं 'युगान्त', ते नाटक, वाडा-त्रयीतलं तिसरं. चुकीचं हातात पडलेले कमी नाहीत.

---

अनुस्वार

आणि संगणकावर शोधताना 'अकादमी' आणि 'अकादेमी' दोन्ही घाला. संस्था स्वतः 'अकादेमी' लिहिते, वर्तमानपत्रं 'अकादमी'. एकच टाकलं तर अर्धे निकाल गळतात. (धाग्याच्या शीर्षकातही 'अकादमी'च आहे. टाचणी, बघा बुवा.)

---

टाचणी

शीर्षक राहू द्या, शोधणारे तेच टाकतात.

---

सुपारीएवढं

प्रश्न. ज्ञानपीठ आणि हे एकच का? 'ययाति'ला तर ज्ञानपीठ आहे ना?

---

अनुस्वार

दोन्ही आहेत. 'ययाति'ला अकादमी १९६०, ज्ञानपीठ १९७४. संस्था वेगळ्या. अकादमी ही केंद्र सरकारने उभारलेली स्वायत्त संस्था (स्थापना १२ मार्च १९५४), दर भाषेला वर्षाला एक. ज्ञानपीठ हे खाजगी न्यासाचं, सगळ्या भाषा मिळून. १९८१ पर्यंत ज्ञानपीठही एखाद्या पुस्तकाला असे, त्यानंतर ते लेखकाच्या एकूण कामगिरीला देतात. म्हणून नेमाड्यांना (२०१४) ते मिळताना मुदतीची अडचण आली नाही. मराठीत ज्ञानपीठ आजवर चौघांना: खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. त्यांतल्या विंदांना अकादमीचा मूळ पुरस्कार कधीच मिळाला नाही. याद्या अशाच असतात.

रक्कम विचाराल म्हणून: अकादमीची सुरुवात ५,००० रुपयांपासून, आता एक लाख. सोबत ताम्रपट, त्याची रचना सत्यजित राय यांची. युवा पुरस्कार (२०११ पासून, ३५ वर्षांपर्यंतच्यांना) आणि बाल साहित्य पुरस्कार (२०१० पासून) हे प्रत्येकी ५० हजारांचे. बातमीत 'अकादमी पुरस्कारप्राप्त' लिहिताना यांतला कोणता ते लिहीत नाहीत, मुखपृष्ठावरच्या चिकटपट्टीवरही कधी कधी नाही. घेताना बघावं.

---

कोरडवाहू

पठाऱ्यांच्या 'ताम्रपट'ला ताम्रपट मिळाला हे कोणीच कसं म्हटलं नाही अजून!

---

सुपारीएवढं

आभार, सगळं कळलं. शेवटचं एक. वर्षांचं गणित जमलं का बघा: २०२४ साली आलेली कादंबरी असेल तर?

---

टाचणी

पहिली संधी २०२६ चा पुरस्कार, शेवटची २०३० चा. २०३१ ला ती कितीही थोर ठरली तरी नाही. आणि श्रेयपान तपासा, प्रथमावृत्ती खरंच २०२४ ची आहे ना.